पाटीवरचा वेळ

लिफ्ट बंद पडणं ही आखातातल्या, करामा वस्तीतल्या त्या जुन्या इमारतीत बातमी नव्हती. महिन्याकाठी एकदा ती रुसायचीच, आणि चार मजले म्हणजे काही गगनाला भिडलेले नव्हेत. पण जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी राजाभाऊ दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर थांबले, आणि पुढे जाता येईना. दुखत होतं म्हणावं तर दुखत नव्हतं. छातीच्या मधोमध कुणीतरी तळहात ठेवून दाबत होतं, आणि हवा नाकापर्यंत येऊन परत फिरत होती. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, कठडा धरला, खिशातून मोबाइल काढून कानाला लावला. पलीकडे कुणीच नव्हतं. ‘हां, हां, बोला,’ असं ते त्या मुक्या मोबाइलला म्हणत राहिले, कारण वरून पावलं वाजत होती आणि येणाऱ्याला थांबलेला माणूस दिसावा, दमलेला दिसू नये. आला तो इमारतीचा वॉचमन अलीमियाँ. त्याने एकदा राजाभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा पिशव्यांकडे, आणि पिशव्या उचलून वर दारापाशी नेऊन ठेवल्या. इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी राजाभाऊ ऑफिसातून आले तर लिफ्ट बंदच, आणि त्या वळणावर भिंतीशी एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची. कुणासाठी, हे विचारायची सोय नव्हती. त्यांना असा काही राग आला की ती खुर्ची जिन्यावरून खाली भिरकावून द्यावी. पण राग काढायलाही दम लागतो. ते खुर्चीत बसले नाहीत, एवढाच त्यांचा पराक्रम. आपल्या दारासमोर पाच मिनिटं उभे राहिले, श्वास जागेवर आला, मग बेल वाजवली.

घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडाच होता. गेला महिनाभर तो तसाच असायचा. ताटं वाढायची वेळ झाली की बाजूला सरकायचा आणि ताटं उचलली की परत मधे यायचा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आल्प्समधल्या सांक्ट वेरेना नावाच्या एका खेड्यात दहा दिवस राहायचं, आणि तिथून रोज सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशा सहा पायवाटा चालायच्या, असा तो बेत. गाव म्हणजे एक चर्च, दोन बेकऱ्या आणि चहूबाजूंनी डोंगर. राजाभाऊ सत्तावन्न वर्षांचे, वातानुकूलनाच्या कंपनीत डिझाइन बघणारे. एका खोलीत किती माणसं बसणार, माणशी सेकंदाला किती लिटर ताजी हवा आत सोडायची, हा आकडा गेली सव्वीस वर्षं ते कागदावर मांडत आलेले. सहलीचा तक्ताही त्यांनी त्याच शिस्तीत केला होता. वाटेचं नाव, लांबी, चढ मीटरमध्ये, उतार, लागणारा वेळ, माणशी पाणी, परतीची शेवटची बस. बाहेर त्रेचाळीस अंश होतं, बाल्कनीच्या काचेला हात लावला तर पोळेल असं, आणि आत तिघंजण बर्फाच्या पाण्याच्या तळ्याभोवती किती वाजता जेवायचं यावर वाद घालत होती. हे सगळं हास्यास्पद आहे हे राजाभाऊंना कळत होतं. तरी त्या तक्त्याइतकं सुंदर त्यांच्या हातून बऱ्याच वर्षांत काही झालं नव्हतं.

हट्ट मुळात बायकोचा, अनुपमाचा. पुण्याच्या कॉलेजात असताना दर रविवारी पाठीवर पिशवी टाकून निघणारी ती मुलगी. लग्नानंतर या सपाट देशात आली आणि सव्वीस वर्षांत तिने फ्लायओव्हरपलीकडे काही चढलं नाही. कुरकूर तिने कधी केली नाही. न कुरकुरणाऱ्या बायकांचं एक असतं, त्यांचं ऋण वर्षागणिक जड होत जातं आणि मागणारं कुणी नसतं. या वर्षी लेकीची, ओवीची, बारावी झाली. सप्टेंबरात ती शिकायला कॅनडाला जाणार. तेव्हा अनुपमा म्हणाली, ‘‘अहो, एकदा तिघं मिळून डोंगरात जाऊ. नंतर ही कुठे आणि आपण कुठे.’’ एवढंच. आणि मार्चपासून ती रोज सकाळी मॉलमध्ये चालायला जाऊ लागली. दुकानं उघडायच्या आधी मॉलच्या गार फरशीवर बुटांचा कचकच आवाज करत चालणाऱ्या बायकांची एक पलटणच असते, तिच्यात ती सामील झाली. बारा फेऱ्या, वर सरकत्या जिन्याच्या शेजारचा साधा जिना सहा वेळा. तिच्या पोटऱ्या घट्ट झाल्या होत्या. एकावन्नाव्या वर्षी तिच्या चेहऱ्यावर रंग चढला होता, आणि राजाभाऊंना तो रंग बघवत नसे. प्रेमाने भरून यायचं आणि लगेच भीती वाटायची.

सहावी वाट तिची होती. गावामागच्या खिंडीची. नऊशे मीटर चढ, सहा तास, आणि खिंडीत पोचलं की पलीकडे एकदम हिमनदी. तक्त्यात ती ओळ अनुपमाने स्वतः टाइप केली होती आणि पिवळी रंगवली होती. बाकीच्या ओळींवर मात्र राजाभाऊंचा हात फिरत होता. एखादी वाट आज पाचशे मीटरांची असायची, दोन दिवसांनी तिच्या जागी अडीचशेची यायची. सबबी ते अभ्यास करून देत. त्या बाजूला ऑगस्टातही बर्फ असतो म्हणे. तिथे गायी वासरांसकट चरायला सोडलेल्या असतात, माणसाच्या अंगावर येतात, बातमी आली होती. त्या झोपडीतलं उपाहारगृह मंगळवारी बंद. प्रत्येक सबब खरी होती, नेटवरून शोधून काढलेली, आणि सगळ्या मिळून एक धादांत खोटं होत होतं. 

‘‘बाबा, यू आर रुइनिंग इट,’’ ओवी म्हणाली. ‘‘ॲट धिस रेट वी विल बी वॉकिंग अराउंड द बेकरी.’’

‘‘अगं, सेफ्टी बघायला नको?’’

‘‘सेफ्टीचं मला सांगू नका,’’ अनुपमा स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘‘बुटांनाच साडेचारशे दिरहम मोजलेत. म्हणजे दहा हजार रुपये झाले. दहा हजारांचे बूट घालून मी तळ्याकाठी कणसं खात बसणार नाहीये.’’

राजाभाऊ हसले. हसताना खोकला आला, तो त्यांनी पाण्याबरोबर गिळला.

आल्प्समधल्या वाटांवर म्हणे पिवळ्या पाट्या असतात, आणि पाटीवर अंतर लिहीत नाहीत, वेळ लिहितात. तळं, एक तास वीस मिनिटं. झोपडी, दोन तास दहा. खिंड, तीन तास पस्तीस. राजाभाऊंना हे वाचल्यापासून चैन नव्हतं. आपल्याकडे दगडावर किलोमीटर लिहितात. ते रस्त्याचं असतं, त्यात चालणाऱ्याचा संबंध नाही. धावत जा नाहीतर रांगत जा. पण वेळ? वेळ कुणाचा? त्यांनी ओवीला विचारलं, तर ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, ‘‘द ॲव्हरेज पर्सन, बाबा. थ्री हंड्रेड मीटर्स ॲन अवर.’’ तेव्हापासून तो ॲव्हरेज माणूस त्यांच्या मागे लागला. मीटिंगमध्ये बसलेले असताना तो त्यांना दिसायचा, पाठमोरा, एका चालीने चढत जाणारा, तासाला तीनशे मीटर, कुठे न थांबणारा. त्याला वय नव्हतं. दर दोन वर्षांनी त्याचा व्हिसा संपत नव्हता. आपण कधीकाळी तो असू का, असं ते आठवून बघायचे. तिशीत असताना रास अल खैमाच्या एका साइटवर लिफ्ट बसायच्या आधी अकरा मजले दिवसातून चार वेळा चढलेले त्यांना आठवत होते. तेव्हा आपण चढतो आहोत हे सुद्धा ध्यानात यायचं नाही. शरीर असतं हे कळायलाच ते बिघडावं लागतं की काय कोण जाणे.

डॉक्टरकडे जावं, हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. ऑफिसच्या खालीच क्लिनिक होतं, इन्शुरन्स होता. पण वीस जूनला व्हिसाची मुदत संपत होती, नूतनीकरणाला रक्त आणि छातीचा एक्सरे द्यावा लागतो, आणि मेडिकलच्या आधी डॉक्टरची पायरी चढायची नाही, हा इकडच्या माणसांचा अलिखित कायदा. एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, क्लिनिकच्या काउंटरवर टेकवलं की सगळं सरकारच्या कॉम्प्युटरात जातं, असं सगळे म्हणतात. मजूर म्हणतात, मॅनेजर म्हणतात. खरं काय ते कुणी तपासून पाहिलेलं नाही, कारण तपासायचं तर आधी क्लिनिकमध्ये जावं लागेल. मेडिकल जवळ आलं की लोक खोकलासुद्धा उशीत तोंड खुपसून खोकतात. राजाभाऊ शिकलेले, इंजिनिअर. असल्या गोष्टींना ते हसायचे. हसायचे ते दगडूपर्यंत.

दगडू संगमेश्वराकडचा, साइटवर एसीच्या हवेचे डक्ट बसवणारा फिटर, आठ वर्षांपूर्वीचा. डिझाइनमध्ये मराठी माणूस एकटे राजाभाऊ, म्हणून साइटवर गेले की तो हातातलं काम टाकून दोन शब्द बोलायला यायचा. तेव्हा तो सारखा खोकत होता. राजाभाऊ म्हणाले, ‘‘अरे, असा काय खोकतोस, क्लिनिकला दाखवून ये. कंपनीचं कार्ड आहे ना?’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, पुढल्या म्हयन्यात मेडिकल हाय. त्येच्या नंतर जातो.’’ यावर राजाभाऊंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. अडाणीपणा, अफवा, शरीर आधी की व्हिसा आधी, असं बरंच. चार माणसांदेखत. तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता आणि दुसऱ्या दिवशी जाऊन आला. मेडिकलमध्ये त्याच्या एक्सरेत फुप्फुसावर डाग निघाला, अनफिट असा शिक्का बसला, आणि महिन्याच्या आत त्याला परत पाठवलं. डाग एक्सरेतच दिसला असणार, क्लिनिकचा त्यात काही हात नसणार, हे राजाभाऊंना तेव्हाही कळत होतं. पण दगडूने एअरपोर्टवरून फोन केला. तो म्हणाला, ‘‘साहेब, निघालो. तुमी सांगितलंत म्हनून लवकर कळलं तरी.’’ त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. पुढे तो गावी वर्षभरही जगला नाही, असं कुणीतरी सांगितलं. राजाभाऊंनी ऐकलं आणि डक्टच्या कुठल्यातरी चुकीवर खेकसले. आता त्याच शहाण्या तोंडाने ते स्वतःला समजावत होते, की मेडिकल होऊ दे, मग जाऊ. सत्तावन्नाव्या वर्षी अनफिट ठरलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देतो? आणि इकडचा व्हिसा नवा झाल्याशिवाय आल्प्सचा मिळणार नव्हता, तीन महिन्यांची मुदत शिल्लक लागते. ओवीची कॅनडातली चार वर्षं, अनुपमाची खिंड, सगळं त्या एका काळ्या फिल्मवर टांगलेलं होतं.

मेडिकलच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी त्यांना काय सुचलं कोण जाणे. लंचला सगळे बाहेर गेल्यावर ते लिफ्टने तळमजल्यावर उतरले आणि ऑफिसच्या टॉवरच्या आगीच्या जिन्यात शिरले. एक मजला चार मीटर. दहा मजले म्हणजे चाळीस मीटर; ॲव्हरेज माणसाला आठ मिनिटं. हा जिना त्यांना तोंडपाठ होता, असे कितीतरी त्यांनी काढलेले. आग लागली तर धूर आत येऊ नये म्हणून वरून हवा सोडणारा पंखा असतो, एरवी बंद. आणि दारं अशी, की जिन्यात शिरता येतं, जिन्यातून परत मजल्यावर जाता येत नाही. चौथ्या, आठव्या, बाराव्या मजल्यालाच काय ते उघडतं. माणूस खाली यावा, वर भटकू नये, म्हणून. त्यांनी मोबाइलवर घड्याळ लावलं आणि निघाले. पहिले तीन मजले असे गेले की त्यांना स्वतःचंच हसू आलं. उगाच आपण घाबरलो. चौथ्याला कानात ठोके ऐकू यायला लागले. पाचव्याला तो तळहात छातीवर आला. सहाव्या मजल्याच्या चार पायऱ्या उरल्या असताना तळहाताची मूठ झाली, आणि डावा जबडा असा धरून आला की दाढच दुखते आहे असं वाटावं. ते बसले. बसले म्हणजे पायच गेले. आत हवा म्हणून नव्हती, कोंडलेली सिमेंटची ऊब, आणि शर्ट पाठीला चिकटून गार पडत चाललेला. खाली दोन मजले उतरलं की उघडणारं दार होतं. वर दोन मजले चढलं तरी होतं. समोरच्या दाराला आतून मूठ नव्हती, नुसता गुळगुळीत पत्रा, आणि असं दार हवं म्हणून नकाशावर त्यांनीच शंभरदा लिहिलेलं. त्यांना मरायची भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. अनुपमाला हाक मारावीशी वाटली. पण त्या भीतीच्या आतसुद्धा एक कोपरा शांतपणे विचार करत होता, की इथे सापडलो तर ॲम्ब्युलन्स येईल, ॲम्ब्युलन्सवाले आयडी टेकवतील, आणि मेडिकल मंगळवारी आहे. म्हणून त्यांनी फोन केला नाही. वीस-बावीस मिनिटांनी मूठ सैल झाली. ते बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली सरकले, चौथ्याचं दार ढकललं, तिथल्या अनोळखी ऑफिसच्या स्वच्छतागृहात तोंड धुतलं, आणि लिफ्टने वर जाऊन जागेवर बसले. घड्याळ अजून चालू होतं. एकेचाळीस मिनिटं.

मंगळवारी कंपनीची व्हिसाची कामं बघणारा यहया त्यांना मेडिकल सेंटरवर घेऊन गेला. सुदानचा, सहा फूट उंच, जगातल्या प्रत्येक अडचणीला एकच औषध ठाऊक असलेला: यल्ला, म्हणजे चला. ‘‘यल्ला, राजाभाई. ब्लड, एक्सरे, दस मिनिट, खलास. टेन्शन क्यूँ?’’

‘‘टेन्शन कशाचं,’’ राजाभाऊ म्हणाले, आणि मग हिंदीत, ‘‘उमर हो गयी, यहया.’’

‘‘उमर तो मशीन नहीं देखता, हबीबी.’’

गार पत्र्याला छाती लावून उभं राहायचं, हनुवटी वर. काचेपलीकडची बाई म्हणाली, ‘‘साँस लो. रोको.’’ राजाभाऊंनी श्वास घेतला, आणि तो सुरळीत आत गेला. जिन्याशिवाय त्या श्वासाला काही होत नव्हतं. त्या तीन सेकंदांत त्यांना वाटलं की आता दिसेल. नको नको म्हणतानाच त्यांना हेही वाटलं, की दिसू दे. कुणीतरी बाहेरून बघू दे, कागदावर लिहू दे, म्हणजे आपल्याला बोलावं लागणार नाही. परत जायचं तर जाऊ. ‘‘छोड़ो,’’ बाई म्हणाली आणि पुढच्याला हाक मारली.

निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. इंग्रजीत एकच शब्द होता, फिट. राजाभाऊ ऑफिसात होते. त्यांनी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला आणि घरी पाठवला. एक्सरे क्षय शोधतो, चढताना छाती का धरते ते शोधत नाही, हे न कळण्याइतके ते अडाणी नव्हते. तरी घरी जाताना मेट्रोत बसल्या बसल्या त्यांनी मनाशी पक्कं केलं, आज सांगायचं. मेडिकल झालं, आता क्लिनिकची भीती नाही, उद्या सकाळी दोघं जाऊन दाखवून येऊ. शब्दही जुळवून ठेवले. लिफ्ट चालू होती.

घरात शिरा केलेला होता. अनुपमाने दार उघडलं ते डोळे पुसतच, आणि ओवीसमोरच त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत असं तिने केलं नव्हतं.

‘‘आता सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘महिनाभर माझ्या जिवाला घोर होता. तुम्ही दोन उशा घेऊन झोपता. बोलता बोलता मधेच थांबता. मला वाटलं, ह्यांना काहीतरी झालंय आणि हे सांगत नाहीयेत. विचारायचा धीर होईना. विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात तर?’’

‘‘अनु—’’

‘‘थांबा. हे बघा.’’ तिने लॅपटॉप ओढला. तक्त्याला खाली दुसरं एक पान होतं, राजाभाऊंनी कधी न पाहिलेलं. तिथे तिने सहाच्या सहा वाटा पुन्हा मांडल्या होत्या. नदीकाठची सपाट, चढ बारा मीटर. चर्चपासून दुसऱ्या गावापर्यंत, चढ वीस, परत बसने. केबल कारने वर आणि केबल कारनेच खाली. एका रकान्यात तिने वाटेतली बाकडी लिहिली होती, कितव्या मिनिटाला कितवं. खिंड त्या पानावर नव्हतीच. ‘‘तुमच्यासाठी केलं होतं. म्हटलं, ह्यांना बरं नसलं तर खिंड नको काही. नदीकाठीच बसू. मी मनाची तयारीसुद्धा केली होती, खरंच.’’ आणि ती हसली, मोकळी, सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलीसारखी. ‘‘आता नको ना हे?’’

तिने ओळी खोडायला सुरुवात केली. नदी गेली. दुसरं गाव गेलं. राजाभाऊंना ती बाकडी एकेक करून नाहीशी होताना दिसत होती, आणि त्यांना आयुष्यात इतकी कुठली गोष्ट वाचवावीशी वाटली नव्हती.

‘‘राहू दे ते,’’ ते म्हणाले. ‘‘अनु, मला चढवत नाही गं.’’

बोलले एकदाचे. अनुपमाने लटक्या रागाने त्यांच्या दंडावर चापट मारली.

‘‘पुरे हं आता. महिनाभर तुमच्या सबबी ऐकल्या. सगळं संपलं तर आता हे!’’

‘‘सबब नाही. खरंच.’’

‘‘बाबा, कम ऑन,’’ ओवी म्हणाली. तिने मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. ‘‘रीड इट. इट सेज फिट. द गव्हर्नमेंट सेज यू आर फिट. यू आर जस्ट लेझी.’’

दोघी हसत होत्या. इतक्या सुटलेल्या, हलक्या, की त्यांच्या तोंडावरचं ते हसू पुसायला जो माणूस लागतो तो राजाभाऊ कधीच नव्हते. जिन्याचं सांगावं असं वाटलं. त्या एकेचाळीस मिनिटांचं. पण ते सांगितलं तर फोन का केला नाही तेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला तोंड कुठलं होतं? त्यांनी शिऱ्याची बशी पुढे ओढली.

‘‘खिंडीला किती वाजता निघायचं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘साडेसहा,’’ अनुपमा म्हणाली. ‘‘उन्हाच्या आत वर.’’

त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला, साडेसहा टाइप केलं, आणि पाणी माणशी तीन लिटर. मग डॉक्टरचं त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. आल्प्सच्या व्हिसाला पुढच्या आठवड्यात पासपोर्ट द्यायचे होते, ओवीची खरेदी होती, आता मधे कुठे वेळ काढायचा. परत आल्यावर दाखवू.